कोयनेचं पाणी आता थेट इनबॉक्समधी

आमचं रान सदलग्याजवळ, दूधगंगेकाठी. पावसाळ्यात आम्हाला बातमी पाहिजे असते ती धरणातल्या विसर्गाची, म्हणजे वेळेत नदीवरच्या मोटारी काढता येतात. पण बातम्यांच्या अ‍ॅपमधी राज्य कर्नाटक निवडलं की बेंगळुरूचं ट्रॅफिक, महाराष्ट्र निवडला की पुण्या-मुंबईचं राजकारण. सीमाभागाचं दुखणं इथंबी आहेच की!

शेवटी गूगल अलर्ट्स लावलं, म्हणजे आपण दिलेला शब्द नव्या बातमीत आला की गूगल ईमेल धाडतं. जिल्ह्याचं नाव घालून बातम्यांचा नुसता ढीग पडतो, म्हणून पाण्याच्या वाटेनं गेलो: दूधगंगेवरचं काळम्मावाडी धरण, कृष्णेवरचा राजापूर बंधारा, आणि जिचं पाणी कृष्णेत येतं ती कोयना. दोन शब्दांचं नाव दुहेरी अवतरण चिन्हात घालायचं, नाहीतर कोकणातलं राजापूरबी येतं. ‘कोयना’ टाकल्यावर तर कोयना एक्सप्रेस किती उशिरा धावली तेच येऊ लागलं. मग पुढं जागा सोडून, वजाचं चिन्ह जोडून ‘-एक्सप्रेस’ लिहिलं. गाडी गेली, धरण राहिलं. मराठी आणि कन्नडसाठी वेगळे अलर्ट केले, कारण चिक्कोडी तालुक्यातल्या पुलांची बातमी बऱ्याचदा कन्नडमधीच आधी येते.

पर्यायांमधी ‘घडेल तसं’ निवडा. दिवसातून एकदा आलेली बातमी पुरात काय कामाची? ईमेलची गर्दी नको असेल तर तिथंच आरएसएस फीड (नव्या बातम्यांची आपोआप भरत जाणारी यादी) निवडता येतो. त्या फीडचा पत्ता मी थंडरबर्ड या ईमेल वाचायच्या प्रोग्राममधी घातलाय.

एक मात्र ध्यानात ठेवा. हे फक्त छापून आलेलं शोधून देतं, पाणी स्वतः मोजत नाही. म्हणून जुलै-ऑगस्टात बंधाऱ्यावरच्या पावण्याला फोन करायचं आम्ही सोडलेलं नाही.