ऑर्गनायझरच्या मोडेमला क्षणभर थांबवा

पाम ऑर्गनायझरला (एकेकाळचा खिशात मावणारा छोटा संगणक) जोडायचा मोडेम, म्हणजे फोनच्या लाइनवरून नंबर फिरवून जोडणी करणारे उपकरण, घरच्या फोनवर बिनतक्रार चालतो. हॉटेल किंवा कार्यालयातील लाइनवर मात्र बाहेरचा टोन येण्याआधीच नंबर फिरवून मोकळा होतो आणि जोडणी होत नाही. अशा वेळी फोन नंबरच्या सेटिंगमध्ये, डायल प्रिफिक्सच्या (मूळ नंबरआधी फिरवायच्या अंकांच्या) चौकटीत, बाहेरच्या लाइनचा अंक लिहून त्यापुढे स्वल्पविराम द्यावा, उदाहरणार्थ ‘9,’. प्रत्येक स्वल्पविरामाला मोडेम साधारण 2 सेकंद थांबतो, म्हणून टोन रेंगाळत येत असेल तर आणखी एक वाढवावा. घरी परतल्यावर प्रिफिक्ससमोरची खूण तेवढी काढावी, अंक पुसण्याची गरज नाही.

हॉटेल किंवा कार्यालयाच्या अंतर्गत डिजिटल एक्स्चेंजच्या लाइनला मोडेम कधीही लावू नये, तो जळू शकतो; त्याऐवजी फॅक्सची लाइन मागून घ्यावी, कारण ती बहुधा घरच्या फोनसारखी अ‍ॅनालॉग असते.