गावात चित्रांचं दालन कसं चालवावं, आणि त्यातून मदत कशी उभी करावी

आमच्या पहिल्या प्रदर्शनात चौदा चित्रं विकली गेली. आलेला प्रत्येक रुपया आम्ही गावातल्या एका मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी दिला. शाळेच्या हॉलमध्ये टाळ्या पडल्या, शाल-श्रीफळ झालं. पुढच्या वर्षी त्याच नऊ कलाकारांना फोन लावले, तर सहा जण "बघतो" म्हणाले. सातवा स्पष्ट बोलला. "रंग, कागद, फ्रेम धरून माझे अडीच हजार गेले. दान मी केलं, नाव तुमच्या मंडळाचं झालं."

तो खरं बोलत होता. मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात छोटं दालन चालवताना आम्ही जे शिकलो, त्यातलं हे पहिलं आणि सगळ्यात मोठं: मदत चित्र विकत घेणाऱ्याच्या पैशातून व्हावी, कलाकाराच्या खिशातून नव्हे. खालची प्रत्येक पायरी या एका गोष्टीवर उभी आहे.

आधी काम ठरवा

जागा, रंगरंगोटी, उद्घाटनाला कोण, हे सगळं नंतर. आधी ठरवा, पैसे कशासाठी. "गरजूंना मदत" असं लिहिलेल्या पेटीत लोक दहाची नोट टाकतात. "शाळेच्या वाचनालयाला दोन लोखंडी कपाटं, किंमत इतकी" असं लिहिलं की तोच माणूस विचारतो, अजून किती कमी पडतात? काम नेमकं हवं, गावाला डोळ्यांनी दिसेल असं हवं, आणि एका प्रदर्शनात पुरं होण्यासारखं हवं. चिपळूणला 22 जुलै 2021 ला पूर आला तेव्हा कोकणभर मदत गोळा झाली. पण पूर ओसरल्यावर दोन-तीन महिन्यांनी, जेव्हा वह्या-दप्तरं, भांडी, शिलाई मशिनं हवी असतात, तेव्हा हात आखडतात. छोट्या दालनाने तेव्हा उभं राहावं असं मला वाटतं.

आजारपणासाठी पैसे उभे करत असाल तर रुग्णाचा फोटो भिंतीवर लावू नका. गावात सगळ्यांना माहीत असतंच, पण भिंतीवर चिकटवलेलं दुःख त्या घराला फार वर्षं पुरतं. "तालुक्यातल्या एका कुटुंबाच्या उपचारखर्चासाठी" एवढं पुरे. पैसे शक्यतो थेट रुग्णालयाच्या किंवा दुकानदाराच्या बिलावर भरा.

नाव कुणाचं, खातं कुणाचं

स्वतःची संस्था काढायची तर 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात, आणि महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तालयाकडे नोंदणी होते. मग दरवर्षी हिशेब तपासून घेणं आलं, विश्वस्त बदलले की ते कळवणं आलं. नोंदणी नसताना लोकांकडून देणग्या गोळा करायच्या तर त्याच आयुक्तालयाची तात्पुरती परवानगी काढावी लागते. गणेशोत्सव मंडळं काढतात तीच.

सुरुवातीला मी दुसरा रस्ता सुचवेन. कोकणात वाचनालयांची परंपरा जुनी आहे, रत्नागिरीचं नगर वाचनालय तर 1828 सालचं. तुमच्या गावात किंवा शेजारच्या पेठेत नोंदणी असलेलं एखादं वाचनालय किंवा मंडळ असेलच. त्यांच्याशी लेखी ठराव करा आणि त्यांचा उपक्रम म्हणून दालन चालवा. त्यांना माणसं येणारी जागा मिळते, तुम्हाला पावतीपुस्तक.

बँकखातं मात्र वेगळंच हवं, दोघांच्या सह्यांचं. आम्ही पहिल्या वर्षी घाईत एका सभासदाच्या खासगी खात्याचा क्यूआर कोड टेबलावर ठेवला होता. माणूस सचोटीचा, हिशेब पैशापैशाचा लागला, तरी पुढचे सहा महिने त्याला बाजारात प्रश्न ऐकावे लागले. चांगल्या माणसाला अशा जागी उभं करू नका.

आणखी एक. चित्र विकत घेतलं म्हणजे देणगी दिली असं होत नाही. त्याला बदल्यात चित्र मिळालेलं असतं. देणगीवर मिळणाऱ्या आयकर सवलतीची (80 जी म्हणून ओळखतात ती) आशा दाखवून चित्र विकू नका. ज्याला निव्वळ देणगी द्यायची आहे त्याची पावती वेगळी, आणि तीही संस्थेकडे ती मान्यता असेल तरच सवलतीची. दोन हजारांच्या वरची रोख देणगी त्या सवलतीत बसत नाही, म्हणून चेक किंवा ऑनलाइनच घ्या.

जागा: आपला खरा शत्रू ओल

शहरातल्या गॅलरीचे नियम इथे जसेच्या तसे चालत नाहीत. जांभ्याच्या चिऱ्याची भिंत सुंदर दिसते, पण पावसाळ्यात ती पाणी पिते. आम्ही एक ऑगस्टभर जलरंगातली सहा चित्रं पश्चिमेच्या भिंतीवर ठेवली होती. काढली तेव्हा मागच्या पुठ्ठ्यावर दुधावर साय धरावी तशी पांढरी बुरशी होती, आणि एका चित्रातल्या आभाळात कथ्थ्या रंगाचे बारीक ठिपके उठले होते. ते ठिपके गेले नाहीत. चित्राचे पैसे आम्ही कलाकाराला भरून दिले.

म्हणून जुनं दुकान, ओसरी, पडवी, जे मिळेल ते घ्या, पण चित्रं आतल्या भिंतीवर लावा, पावसाची झड बसणाऱ्या भिंतीवर नाही. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यामधून हवा खेळते. पाठीला हार्डबोर्डऐवजी सनबोर्ड, म्हणजे प्लास्टिकचा हलका फोमबोर्ड, लावा. ओल धरत नाही, वाळवीला आवडत नाही. चित्र काचेला थेट टेकू देऊ नका, मध्ये माउंट, म्हणजे जाड कागदाची चौकट, हवाच. खाऱ्या हवेत साधे खिळे आणि तारा वर्षात गंजतात आणि भिंतीवर तांबडे ओघळ उतरतात, तेव्हा हूक पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्या. कागदावरची चित्रं आगोटीच्या आधी, म्हणजे मे संपता संपता, उतरवा आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात आडवी ठेवा.

उजेडाचं थोडक्यात: थेट ऊन नको, एलईडी दिवे चालतात, आणि जलरंगाला प्रखर प्रकाश सोसत नाही. संग्रहालयं त्यासाठी 50 लक्सच्या आसपासच उजेड ठेवतात. वीज जाणारच, तेव्हा इन्व्हर्टरची सोय करा.

कलाकार कुठे शोधाल

"आमच्या गावात कुठले आले कलाकार" हे वाक्य मी फार ऐकलं आहे. गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, जाऊन बघा. आषाढापासून चतुर्थीपर्यंत तिथे रात्र रात्र डोळे आखणारा हात बाकीचं वर्ष काय करतो? सिंधुदुर्गात गणपतीच्या मागची भिंत रंगवायची पद्धत आहे. घरोघरी जाऊन मोर, वेली, देवदेवता काढणारे रंगारी अजून आहेत. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवणारे कलाशिक्षक आहेत, सावर्ड्याच्या कला महाविद्यालयात शिकून गावी परतलेली मुलं आहेत. या लोकांना कुणी विचारलेलं नसतं, एवढंच.

सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी खेळणी आणि लाखकाम, तिथल्या हाताने रंगवलेल्या गोल गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे खेळायचे पत्ते, हेही दालनात शोभतं. गंजिफा मांडाल तर नुसती काचेत ठेवू नका, एक संच हाताळायला ठेवा. दशावतारी संच 120 पानांचा असतो. मुलं अवतार ओळखत बसतात आणि त्यांच्यामागे उभे असलेले आईबाप तेवढा वेळ भिंतीकडे बघतात.

कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी ही आपल्याकडची फार मोठी ठेव. ठाकर समाजातले कलावंत रामायण-महाभारतातल्या आख्यानांचा चित्रसंच, ज्याला पोथी म्हणतात, एकेक चित्र पुढे करत गाऊन सांगतात. परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी 2021 चा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. इथे माझं मत ठाम आहे. जुन्या पोथीतलं सुटं पान कधीही विकायला मागू नका. एक पान गेलं की आख्यान तुटतं. नवीन चित्रं काढून घ्या, त्यांचे पूर्ण पैसे द्या, आणि एका संध्याकाळी आख्यान ठेवून त्याचं मानधन वेगळं द्या. "कार्यक्रम मदतीसाठी आहे" म्हणून मानधन कापणं हा त्या कलेचा अपमान आहे.

किंमत आणि वाटणी

चित्र लावण्याआधी कलाकाराशी एका पानाचा करार करा, मराठीत, दोघांच्या सह्यांनी. त्यात किंमत, वाटणी, पैसे किती दिवसांत मिळणार, आणि चित्र खराब झालं किंवा फुटलं तर जबाबदारी कुणाची, एवढं हवं. आमची पद्धत अशी. फ्रेमचा खर्च ज्याने केला त्याला तो आधी परत. उरलेल्यातले 60 टक्के कलाकाराला, 25 टक्के ठरलेल्या कामाला, 15 टक्के दालनाच्या भाडं-विजेला. चार हजारांचं चित्र, फ्रेम सातशेची, तर उरले 3,300. कलाकाराला 1,980, कामाला 825, दालनाला 495. एखाद्याला आपला वाटाही द्यायचा असेल तर आधी त्याच्या हातात पैसे द्या, मग त्याच्या नावाने देणगीची पावती फाडा. तेवढ्याने "दान मी केलं" हे वाक्य खरं होतं, आणि त्याचं श्रेयही त्यालाच जातं.

ही वाटणी आम्ही दारातच, चपला काढतात तिथे, मोठ्या अक्षरांत लावली आहे. घासाघीस तिथेच निम्मी थांबते.

विकलं गेलेलं चित्र तुमच्या भेटकार्डांवर छापायचं असेल तर कलाकाराची लेखी परवानगी घ्या. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र विकलं तरी वेगळा लेखी करार नसेल तर हक्क कलाकाराकडेच राहतो, हयातभर आणि त्यानंतर 60 वर्षं. भेटकार्डं जरूर काढा, फक्त त्यातही त्याचा वाटा धरा. ज्याला चार हजार परवडत नाहीत तो पन्नासाची चार कार्डं घेतो, आणि असे लोक जास्त असतात. विक्री वाढली की जीएसटीचं काय ते सीएला विचारा.

कधी उघडायचं

चतुर्थीला गाव भरलेलं असतं, पण कुणाला सवड नसते. आरत्या, भजनं, पाहुणे यांतून चित्रं बघायला कोण येणार? दिवाळीनंतर जत्रा सुरू होतात, तो काळ चांगला. जत्रेच्या दिवशी दशावतारी नाटक उभं राहीपर्यंत माणसं बाजारात फिरत असतात, तेव्हा रात्री उशिरापर्यंत दार उघडं ठेवा. डिसेंबरअखेरीस तारकर्लीकडचे पर्यटक, आणि मे महिन्यात चाकरमानी. विक्रीचा विचार केला तर मे सर्वांत उत्तम. मुंबईच्या खोलीत गावचं काहीतरी न्यायचं असतं, आणि आंब्याची पेटी संपते. जुलै-ऑगस्टमध्ये विक्री बंद ठेवून मुलांचे चित्रवर्ग घ्या.

दार उघडं असताना

चित्राचा मध्य जमिनीपासून 57 ते 60 इंचांवर ठेवा. पाटीवर नाव, माध्यम, किंमत, कलाकाराचं गाव. विकलेल्या चित्राखाली लाल टिकली लावायची पद्धत आहे. आम्ही कासाराकडून टिकल्यांचं पाकीटच आणतो. चित्र प्रदर्शन संपल्यावर द्या, नाहीतर तिसऱ्या दिवशी भिंत उघडी पडते.

दारात कायम एक माणूस हवा, आणि त्याने "हात लावू नका" याखेरीज काहीतरी बोलावं. एकदा मासे विकणारी एक आजी टोपली बाहेर ठेवून आत आली. होडीच्या चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "ह्या होडयेचो दोर उलट्या अंगाक बांधलोहा." चित्रकाराला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरावर जाऊन बघून आला. दोर खरंच उलटा होता. त्याने चित्र बदललं नाही, पण पुढच्या चित्राआधी आजीला दाखवायला कच्चं रेखाटन घेऊन आला. अशा माणसांसाठी उंबऱ्याशी पाण्याचा हंडा आणि बसायला बाकडं ठेवा.

दार बंद झाल्यावर

कलाकाराचे पैसे पंधरा दिवसांत, खात्यावर. न विकलेली चित्रं परत पाठवताना काचेवर मास्किंग टेपची फुली मारा. एसटीत काच फुटली तरी तुकडे चित्रावर ओरखडे पाडत नाहीत. मग ठरलेलं काम करा, बिल आणि फोटो दारावर लावा, जमा-खर्चाचा कागद त्याच्या शेजारी. एखादी खरेदी ठरल्यापेक्षा महाग पडली असेल तर तेही लिहा. प्रत्येक चित्र घेणाऱ्याला फोन करून सांगा की कपाटं आली. संदेश टाकून भागवू नका, फोनच करा. आमची पुढच्या वर्षीची निम्मी गिऱ्हाइकं त्या फोनवरच तयार झाली.

आणि त्याच फोनवर पुढच्या प्रदर्शनाची तारीख सांगता आली तर उत्तम. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि मे महिन्यातल्या कोकणच्या गाड्या बघता बघता भरतात. मुंबईकराला तारीख त्याच्या आधी कळायला हवी.