नागपूरच्या उन्हाळ्यात गरम हवेचा प्रयोग: आधी बाटली फ्रीजमध्ये ठेवा

बाटलीच्या तोंडाला फुगा लावायचा, बाटली गरम पाण्यात धरायची आणि फुगा आपोआप उभा राहतो, हा प्रयोग बऱ्याच जणांना माहीत आहे. पण तोच मे महिन्यात नागपुरात करून बघा, फुगा जेमतेम मान वर काढतो. मी भाचीसोबत नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत केला तेव्हा तिचा चेहराच पडला. या प्रयोगाला थंड आणि गरम यातला फरक लागतो, आणि आपल्याकडे कूलर नसलेल्या खोलीत बाटलीतली हवा आधीच ४० डिग्रीच्या आसपास असते, मग तिला अजून किती तापवणार.

म्हणून पहिलं काम, एक लिटरची स्टीलची बाटली आतून नीट कोरडी करून झाकण न लावता तासभर फ्रीजमध्ये ठेवा. बाटली साधी, एका पत्र्याची पाहिजे. पाणी थंड ठेवणारी थर्मासवाली चालत नाही, तिच्यातून आत उष्णता पोचतच नाही, माझा एक अख्खा प्रयत्न त्यातच गेला. प्लास्टिकची गरम पाण्यात आकसते आणि थंडगार काच एकदम गरम पाण्यात घातली तर तडकू शकते, त्यामुळे स्टीलच बरं.

तोवर फुगा दोन-तीनदा तोंडाने फुगवून हवा सोडून द्या म्हणजे रबर सैल पडतं. एका खोल गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी तापवा, तळाशी बारीक बुडबुडे दिसायला लागले की गॅस बंद, उकळायची गरज नाही. हे काम मोठ्यांनीच करायचं.

आता बाटली बाहेर काढा. तिच्यावर लगेच दव धरतं, तोंड फडक्याने पुसा नाहीतर फुगा घसरतो, आणि पटकन फुगा चढवून वरून रबर बँड लावा. रिकामी बाटली पाण्यात तरंगून आडवी होते म्हणून गळ्याला धरून खाली दाबून ठेवा. लुळा पडलेला फुगा आधी थरथरतो, मग हळूहळू सरळ होतो. ५ डिग्रीची हवा ७५ पर्यंत गेली तर साधारण पाव पटीने वाढते, म्हणजे एक लिटरमागे पाव लिटर जास्त, आणि ४० वरून सुरुवात केली तर त्याच्या निम्मीसुद्धा नाही. शून्य डिग्रीला हवा जेवढी जागा घेते तिच्या २७३ व्या भागाएवढी ती दर डिग्रीला वाढते, यालाच चार्ल्सचा नियम म्हणतात.

भाची म्हणाली, "मामा, गरम हवा वर जाते नं, म्हणून फुगून राहिला." बऱ्याच मोठ्यांनाही असंच वाटतं, तर हे तपासून बघाच. बाटली परत थंड करा, फुगा लावून उलटी धरा, फुगा खाली, आणि गरम पाण्यात भिजवून पिळलेला टॉवेल तिच्याभोवती गुंडाळा. फुगा खालच्या बाजूलाही फुगतो, कारण तापलेली हवा सगळीकडेच पसरते. वर जाणं ही नंतरची गोष्ट आहे, पसरल्यामुळे ती आजूबाजूच्या हवेपेक्षा हलकी होते आणि थंड हवा तिला वर ढकलते. फ्रान्समध्ये १७८३ साली माँगोल्फिए भावांचा बलून उडाला तो यामुळेच.

शेवटी तीच बाटली बर्फाच्या पाण्यात धरा. जरा वेळ थांबलात तर फुगा परत लुळा पडताना दिसतो, पोरांना हेच सगळ्यात जास्त आवडतं.