ऑटोमॅटिक गाडीतलं ओव्हरड्राइव्हचं बटण कधी दाबायचं

गिअरच्या दांड्यावर बाजूला ते छोटं ओ/डी बटण असतं ना, बरेच जण ते वर्षानुवर्षं दाबतच नाहीत, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा दाबायची गरजही नसते. ओव्हरड्राइव्ह म्हणजे सगळ्यात वरचा गिअर, जुन्या चार गिअरवाल्या ऑटोमॅटिकमध्ये चौथा. त्याचा रेशो साधारण ०.७ असतो, म्हणजे डायरेक्ट गिअरमध्ये (रेशो १, चार गिअरवाल्यात सहसा तिसरा) ज्या स्पीडला इंजिन ३००० आरपीएमवर ओरडत असतं त्याच स्पीडला इथे २१००वर निवांत चालतं, पेट्रोल वाचतं आणि आवाजही कमी.

गोंधळ होतो तो दिव्याचा. डॅशबोर्डवर 'ओ/डी ऑफ' पेटला म्हणजे ओव्हरड्राइव्ह बंद आहे, चालू नाही! रोजच्या ड्रायव्हिंगला दिवा विझलेलाच ठेवा.

बंद कधी करायचं? चढावर गाडी तिसरा-चौथा, तिसरा-चौथा असं करत बसली की लगेच, कारण त्या सारख्या अदलाबदलीने ट्रान्समिशन, म्हणजे गिअरबॉक्स, तापतं. मागे ट्रेलर असेल तेव्हा पण. लांब उतारावर तर नक्कीच, इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. चालत्या गाडीत बटण दाबलं तरी चालतं, फक्त फार स्पीडमध्ये नको, आरपीएम एकदम उडी मारतो. सपाट रस्ता आला की आठवणीने परत चालू करा, मी हे हमखास विसरतो.

दिवा लुकलुकत असेल तर बऱ्याच गाड्यांत तो ट्रान्समिशनमधल्या बिघाडाचा इशारा असतो, मेकॅनिकला दाखवा. नवीन गाडीत हे बटण नसेल तर गिअरच्या दांड्यावरच्या एस (स्पोर्ट), एल (लो) किंवा मॅन्युअल मोडने हेच काम होतं.