मराठी डेटा हाताळताना या चुका टाळा

स्क्रीनवर मराठी बिघडलेलं दिसलं की नवशिका प्रोग्रॅमर आधी फॉन्ट बदलतो. मग कोलेशन (डेटाबेसचे तुलनेचे आणि क्रमवारीचे नियम) बदलतो, मग डेटाबेस पुसून पुन्हा भरतो. अरे, आधी नीट बघा काय दिसतंय! रिकामे चौकोन दिसत असतील तर डेटा शाबूत आहे, फक्त फॉन्ट नाही. डेबियनवर चालणाऱ्या कंटेनरमध्ये पीडीएफ बनवताना हे हमखास होतं. नोटो फॉन्टचं पॅकेज टाका, विषय संपला. टोपीवाली आणि मात्रावाली परकी लॅटिन अक्षरं दिसली तर युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीने साठवलेला मजकूर भलत्याच एन्कोडिंगने (साठवण-पद्धतीने) वाचला जातोय, तोही बहुतेक वेळा परत मिळतो. पण टेबलात '?????' साठलं असेल तर मजकूर गेला. फक्त युरोपीय अक्षरं मावणाऱ्या लॅटिन-१ कॉलममध्ये किंवा एसक्यूएल सर्व्हर डेटाबेसच्या साध्या, युनिकोड नसलेल्या व्हारचार कॉलममध्ये मराठी कोंबल्यावर हेच होतं. तिथे बॅकअप किंवा मूळ कागद काढण्यावाचून गत्यंतर नाही.

आता माझी सगळ्यात नावडती चूक. वकिलांच्या यादीत 'ॲड.' शोधावं तर निम्मीच नावं येतात. उरलेली नावं डोळ्यांना दिसतात, शोधाला दिसत नाहीत. कारण ॲ तीन तऱ्हांनी टाइप झालेला असतो. यू+०९७२ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीची सवय म्हणजे 'अ'वर ॲची चंद्रकोर चढवायची. काही जुनी टंकन-साधनं तर या दोघांच्या मध्ये न दिसणारा झिरो विड्थ जॉइनरही (यू+२००डी) घुसवत. स्क्रीनवर तिन्ही सारखेच, तुलना केली की वेगळे. 'एनएफसी नॉर्मलायझेशन (सुटी चिन्हं जोडून एकच ठरलेलं रूप करणं) लावा' असा सल्ला लगेच मिळतो, पण इथे तो चालत नाही, कारण ०९७२ ला युनिकोडने विघटनच दिलेलं नाही, म्हणजे 'अ' अधिक चंद्रकोर हे त्याचंच रूप असं मानलेलं नाही.

मग कुणीतरी हुशारी करतो: अदृश्य अक्षरं सरसकट उडवून टाकतो. एका ओळीचं काम, 'ॲड.'चा एक प्रकार आटोक्यात येतो, सगळे खूश. आणि कऱ्हाडचं 'कर्हाड' होतं. जुन्या मजकुरात 'ऱ्ह', 'ऱ्य' हे अर्ध्या र-नंतर तोच जॉइनर ठेवून लिहिलेले असतात. तो काढला की दऱ्याखोऱ्यांचा दर्या होतो, आचाऱ्याचा पगार आचार्यांच्या नावावर चढतो. मूळ कॉलमच बदललेला असेल तर कुठला 'र्य' खरा आणि कुठला बिघडवलेला, हे नंतर कोणतंही कोड सांगू शकत नाही. माणूस बसवून वाचावं लागतं.

म्हणून मूळ मजकुराला हात लावायचा नाही. शोधासाठी वेगळा कॉलम करायचा आणि त्यात या क्रमाने बदल करायचे: आधी एनएफसी, त्याने र आणि खालचा नुक्ता मिळून ऱ होतो, मग ॲची दोन्ही जुनी रूपं ०९७२ वर आणायची, मग र, हलन्त, जॉइनर या तिकडीचा ऱ आणि हलन्त करायचा, आणि अगदी शेवटी उरलेले जॉइनर काढायचे. वापरणाऱ्याने शोधात टाइप केलेला शब्दही याच फंक्शनमधून जायला हवा. हे विसरणारे महाभाग कमी नाहीत.

पायथनच्या 're' या रेजेक्स (मजकुरातले नमुने शोधणाऱ्या) मॉड्यूलमधलं 'शब्द-अक्षर' चिन्ह (\w) काना-मात्रांना अक्षर मानत नाही. 'मराठी'चे तुकडे 'मर' आणि 'ठ' असे पडतात. इंग्रजीसाठी लिहिलेला रेजेक्स उचलून चिकटवणाऱ्यांना हे प्रोग्रॅम खऱ्या वापरात गेल्यावर कळतं. 'रेजेक्स' नावाचं वेगळं मॉड्यूल वापरा.

लांबी मोजताना 'श्री' हे एक अक्षर समजू नका. त्यात चार कोडपॉइंट (युनिकोडने क्रमांक दिलेली चिन्हं: श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी) आहेत, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये १२ बाइट. ओरॅकल डेटाबेसमध्ये कॉलमची मर्यादा बहुधा बाइटमध्ये असते. ५० लिहिलं की १६ कोडपॉइंटनंतर दार बंद. एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं मावतात, मराठीचे ७० कोडपॉइंट, आणि संदेश लांबून तुकडे पडले की प्रत्येकी ६७. बिल पाहून मग आरडाओरडा करू नका.

सीएसव्ही एक्सेलसाठी असेल तर सुरुवातीला बीओएम (फाइल युनिकोडमध्ये आहे हे सांगणारी अदृश्य खूण) टाका. पायथनमध्ये एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' लिहिलं की झालं.

क्रमवारीत ळ हा ल आणि व यांच्यामध्ये येत असेल तर तुम्ही नुसत्या कोडपॉइंटवर लावताय. मराठीत ळ ह-नंतर, म्हणजे 'काशीकर' आधी आणि 'काळे' नंतर. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं मराठी कोलेशन द्या. आणि चाचणीच्या डेटात 'राम', 'सीता' नकोत, त्यांत काहीच अडत नाही. 'ॲड. श्रीकृष्ण कऱ्हाडे' घाला.