शुअरिटी बाँडच्या कामात येऊ पाहणाऱ्या विदर्भातील मुलामुलींसाठी

भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने ३ जानेवारी २०२२ रोजी शुअरिटी विमा करारांविषयीची, म्हणजे कंत्राटदाराने काम पुरे केले नाही तर ठरलेली रक्कम विमा कंपनी भरेल अशा लेखी हमीविषयीची, मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि १ एप्रिल २०२२ पासून सामान्य विमा (जीवन विमा सोडून इतर विमा) कंपन्यांना कंत्राटदाराच्या कामाची हमी घेण्याची वाट मोकळी झाली. तोपर्यंत सरकारी कामाची अनामत द्यायची तर रोख रक्कम, मुदत ठेवीची पावती किंवा बँक गॅरंटी यांपलीकडे आमच्या भागातील कंत्राटदारापुढे फारसा मार्ग नव्हता. मी दिग्रस तालुक्यातील आहे. बी.कॉम. झाल्यावर काही वर्षे यवतमाळला एका रस्ते-कंत्राटदाराकडे हिशेब आणि टेंडरची कागदपत्रे सांभाळली. आता नागपुरात एका विमा ब्रोकरकडे शुअरिटीचे प्रस्ताव तपासते. या कामात नव्याने येणाऱ्यांना जे आधी कळायला हवे, ते येथे लिहीत आहे.

कंत्राटदाराकडे काम केल्यामुळे अनामतीचा ताण मला जवळून पाहता आला. पाच कोटींच्या रस्त्याला पाच टक्के सुरक्षा अनामत धरली तरी पंचवीस लाख रुपये अडकतात. बँक गॅरंटी घेतली, तरी बँक त्यातील काही भाग मार्जिन म्हणून ठेवीत अडकवते आणि उरलेली रक्कम कंत्राटदाराच्या मंजूर मर्यादेतून वजा होते. दिवाळीनंतर कामाचा हंगाम सुरू होतो, मजुरांना उचल द्यायची असते, गिट्टी, डांबर आणि डिझेल उधारीवर फार दिवस मिळत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी हातातला पैसा बँकेत पडून असतो. विमा कंपनीचा बाँड बँकेच्या मर्यादेला हात लावत नाही, हे त्याचे खरे मोल आहे.

नव्या माणसाने सर्वांत आधी शिकावे ते म्हणजे परवानगीचे थर वेगवेगळे वाचणे. प्राधिकरणाने विमा कंपन्यांना मुभा दिली, याचा अर्थ कोणत्याही कंपनीचा कोणताही बाँड कोणत्याही कार्यालयात चालेल असा होत नाही. कंपनी सामान्य विम्यासाठी नोंदणीकृत आहे का, तिने शुअरिटीचे उत्पादन प्रत्यक्षात बाजारात आणले आहे का, बाँडवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याला तेवढ्या रकमेचा अधिकार आहे का, आणि टेंडरच्या अटींत विमा शुअरिटी बाँडचा स्पष्ट उल्लेख आहे का, हे चार प्रश्न स्वतंत्र आहेत. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने सरकारी खरेदीत बँक गॅरंटीऐवजी असे बाँड स्वीकारण्याची घोषणा केली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांत त्यांचा समावेश झाला; मात्र ते नियम केंद्राच्या खात्यांचे आहेत. जिल्हा परिषद, नगर परिषद किंवा राज्याच्या एखाद्या महामंडळाचे टेंडर असेल, तर त्याच टेंडरची अट वाचल्याशिवाय कंत्राटदाराला होकार देऊ नये. अमेरिकेत केंद्रीय कामांसाठी कोणत्या कंपन्यांचे बाँड चालतील आणि किती रकमेपर्यंत, याची यादी तेथील वित्त खाते प्रसिद्ध करते. आपल्याकडे पडताळणीची सुरुवात प्राधिकरणाच्या नोंदणीपासून करावी.

बाँड हाती आला की त्यावर छापलेल्या दूरध्वनी क्रमांकावर विसंबू नये, कंपनीच्या अधिकृत पत्त्यावरून स्वतंत्र खात्री करून घ्यावी.

विम्याच्या इतर शाखांतून आलेल्यांना एक गोष्ट पचायला वेळ लागतो. वाहन विम्यात नुकसानभरपाई दिली की सहसा विषय संपतो, कारण हप्त्यांच्या हिशेबात असे नुकसान धरलेलेच असते. शुअरिटीत दावा दिल्यावर कंपनी ती रक्कम कंत्राटदाराकडून वसूल करते. गावातल्या सोसायटीच्या कर्जाला जो जामीन राहतो, त्याच्या जागी येथे विमा कंपनी उभी असते, आणि जामीन राहणारा जसा माणूस पाहून सही करतो तसेच कंपनीलाही करावे लागते. म्हणून तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, हातातील कामे, पूर्ण केलेल्या कामांचे दाखले आणि चालू वाद हे सर्व तपासले जाते. लहान कंत्राटदाराचे काम चोख असते पण कागद अपुरे असतात, आणि तो येथे मागे पडतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्याला वेळेत ताळेबंद तयार करायला लावणे हेही मी आपले कामच मानते.

अभ्यासाची सुरुवात भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील कलम १२४ ते १४७ पासून करावी. कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच, म्हणजे येथे कंत्राटदाराइतकीच, असते. कलम १४५ त्याला वसुलीचा हक्क देते. कलम १३३ आणि १३५ तर आमच्या भागातील कामांसाठीच लिहिल्यासारखी वाटतात. जामीनदाराच्या संमतीवाचून कराराच्या अटी बदलल्या किंवा मूळ ऋणकोला मुदत वाढवून दिली, तर जामीनदार सुटू शकतो. काळ्या मातीतला रस्ता पावसाळ्यात थांबतो, मुदतवाढ मिळते, अंदाजपत्रक सुधारते. अशा वेळी बाँडमध्ये या बदलांना आधीच संमती दिलेली आहे का, आणि बाँडची मुदतही वाढवली आहे का, हे पाहावे लागते.

त्यानंतर मुंबईच्या भारतीय विमा संस्थेच्या परीक्षा द्याव्यात. लायसेन्शिएट या पहिल्या पायरीच्या परीक्षेपासून सुरुवात करणे सोयीचे. जुन्या टिपणांवर मात्र भरवसा ठेवू नये. हमीची रक्कम कंत्राटाच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त नसावी ही मूळची अट २०२३ मध्ये काढून टाकण्यात आली, तरी ती अजून अनेकांच्या वह्यांत आहे. कर्जफेडीची हमी मात्र या बाँडमध्ये बसत नाही, हे ग्राहकाला पहिल्याच भेटीत सांगावे.

पहिल्या वर्षी तुमच्याकडे बहुधा मुदतींची नोंदवही येईल. केंद्राच्या नियमांनुसार बयाणा रकमेचा बाँड निविदेच्या वैधतेनंतर ४५ दिवस, तर कामाच्या हमीचा बाँड दोष दायित्व कालावधीसह (काम झाल्यावर निघालेले दोष कंत्राटदाराने दुरुस्त करून द्यायचा काळ) सर्व जबाबदाऱ्या संपल्यावर आणखी ६० दिवस जिवंत असावा लागतो. मुदतवाढीचे पत्र आले की त्याच दिवशी ही तारीख नव्याने मोजून कंत्राटदाराला लेखी कळवावी, कारण बाँड संपण्याच्या आदल्या आठवड्यात कंपनीकडून वाढ मिळवणे अवघड जाते.