शिष्यवृत्तीचा अर्ज भरताय? मीडिया आणि टेलिकॉमच्या विद्यार्थ्यांनी या चुका टाळा

घरात थोरली ई अँड टीसीला (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम इंजिनिअरिंग) आणि धाकटा बीएएमएमसीला (मीडियाची पदवी) असेल, तर तिचा भरलेला अर्ज समोर ठेवून त्याचा भरायला घेऊ नका. उत्पन्नाचा दाखला दोघांना एकच चालेल, रेशनकार्डही एकच. योजना मात्र बऱ्याचशा वेगळ्या. शिष्यवृत्ती मिळाली नाही की पोरं म्हणतात, टक्के कमी पडले. कॉलेजच्या शिष्यवृत्ती कक्षात एखादा हंगाम काढलेल्या माणसाला विचारा. टक्क्यांवर बाद झालेले अर्ज थोडे असतात. चुकीच्या योजनेत भरलेले, नाव न जुळलेले, मंजूर होऊनही पैसे न पोचलेले, यांचाच गठ्ठा मोठा.

अभ्यासक्रम कुणाच्या कक्षेत येतो हे न बघणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. तंत्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या एआयसीटीई या केंद्रीय परिषदेची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती मुलींसाठी आहे: वर्षाला ५०,००० रुपये, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत, एका घरातल्या जास्तीत जास्त दोन मुलींना. पदवी किंवा पदविकेच्या पहिल्या वर्षाला, किंवा थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेला असावा लागतो. ‘सक्षम’ ही ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांसाठी आणि ‘स्वनाथ’ प्रामुख्याने आईवडील गमावलेल्या मुलांसाठी. तिन्हींची अट एकच: संस्था आणि अभ्यासक्रम एआयसीटीई मान्यताप्राप्त हवा. ई अँड टीसीची मुलगी यात सहज बसते. कला महाविद्यालयातल्या बीएएमएमसीची किंवा पत्रकारितेच्या एमएची मुलगी सहसा बसत नाही. तरी ती अर्ज भरायला घेते, यादीत आपलं कॉलेज दिसत नाही, म्हणून त्यातल्या त्यात जुळणारं नाव निवडते. मग तो अर्ज भलत्याच संस्थेच्या लॉगिनला जाऊन पडतो आणि तिथला कारकून ‘आमची विद्यार्थिनी नाही’ म्हणून मोकळा होतो. नाव सापडत नसेल तर आधी कॉलेजात शिष्यवृत्तीचं काम बघणाऱ्या नोडल अधिकाऱ्याला गाठा.

मीडियावाल्यांनी, आणि खरं तर दोघांनीही, बघायला हवी ती केंद्र सरकारची सेंट्रल सेक्टर शिष्यवृत्ती. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना वर्षाला १२,००० रुपये, पदव्युत्तरला २०,०००. उत्पन्नमर्यादा साडेचार लाख. इथे हमखास घोटाळा होतो तो ८० पर्सेंटाइलचा. तो आकडा ८० टक्क्यांचा धरून ७२ टक्केवाला गप्प बसतो. प्रत्यक्षात आपल्या बोर्डात आपल्या शाखेच्या वरच्या २० टक्के विद्यार्थ्यांत असणं पुरेसं असतं, आणि कला शाखेची ती रेषा विज्ञानापेक्षा वेगळी असू शकते. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर बघायच्या आधी स्वतःला बाद करू नका. दूरस्थ शिक्षण आणि पदविका मात्र यात चालत नाहीत.

आता महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्ती पोर्टल. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, मागास प्रवर्गांच्या पोस्ट मॅट्रिक योजना, सगळं तिथेच. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. ‘मुलींना फी नाही’ एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. निर्णयातली पुढची ओळ फारशी कुणी वाचत नाही: प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातून नको, आणि खाजगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यात नाहीत. पुण्या-मुंबईतले चकचकीत स्टुडिओ असलेले कितीतरी मीडिया अभ्यासक्रम नेमके अशाच विद्यापीठांत आहेत. प्रवेशाच्या टेबलावर ‘स्कॉलरशिप आहे ना?’ असं विचारलं तर ‘आहे’ असंच उत्तर मिळतं, आणि ते खोटंही नसतं; ती बहुधा त्यांची स्वतःची गुणवत्ता सवलत असते. ‘महाडीबीटीवर या कोर्सचं नाव कुठल्या विभागाखाली दिसतं?’ असं विचारा आणि स्क्रीनवर दाखवा म्हणा.

दोन ठिकाणी भरून बघू, जे मिळेल ते घेऊ

प्रगतीच्या नियमांत दुसरी सरकारी मदत घेता येत नाही, सेंट्रल सेक्टरचंही तसंच. आधार क्रमांक एकच असल्यामुळे दुहेरी लाभ पकडला जातो. म्हणून आधी हिशेब करा. विनाअनुदानित कॉलेजात शिक्षण शुल्कच लाखाच्या वर असेल तर राज्याची पूर्ण माफी जास्त पडेल. सरकारी कॉलेजात फी वीस-पंचवीस हजार असेल तर प्रगतीचे ५०,००० भारी. हे गणित प्रवेश घेतल्याच्या आठवड्यातच कक्षात बसून मांडायचं असतं. दोन्ही पोर्टलच्या तारखा उलटल्यावर ते मांडून उपयोग नाही.

नाव आणि दाखले

आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेकांचं नाव पुढे आणि आडनाव शेवटी. हा क्रमातला फरक सहसा निभावतो. निभावत नाही तो स्पेलिंगचा: एकीकडे ‘शिंदे’ एका ई-ने, दुसरीकडे दोन ई-ने. राष्ट्रीय पोर्टलच्या वन टाइम रजिस्ट्रेशनमध्ये नाव आधारवरून उचललं जातं आणि चेहऱ्याचीही पडताळणी होते, तेव्हा आधार दुरुस्ती अर्ज सुरू व्हायच्या आधीच उरकून घ्या.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. फॉर्म १६ किंवा सरपंचांचं पत्र त्याच्या जागी चालत नाही. दाखल्यावरचं आर्थिक वर्ष आणि बारकोड क्रमांक तपासा. गेल्या वर्षीचा दाखला यंदा ‘अपलोड’ होतो, अडतो तो पडताळणीत. आई-वडील दोघे कमावते असतील तर दोघांचं उत्पन्न धरलं जातं.

पैसे मंजूर, खात्यात मात्र शून्य

हा भाग नीट वाचा, कारण इथवर आलेला अर्ज अडणं जिवावर येतं. अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर पैसे येतील असं सगळ्यांना वाटतं. आधार-आधारित पद्धतीत पैसे जातात ते एनपीसीआयच्या (बँकांमधले पैशांचे व्यवहार जोडणारी राष्ट्रीय संस्था) नोंदीत तुमच्या आधारला जोडलेल्या खात्यात, आणि त्या नोंदीत एका वेळी एकच खातं असतं. बँकेत आधारची झेरॉक्स देऊन केवायसी करणं वेगळं आणि ही जोडणी वेगळी. कारकून ‘लिंक आहे’ म्हणतो तेव्हा तो बरेचदा पहिल्याबद्दल बोलत असतो.

नेहमीचा प्रकार असा. मुलाचं राष्ट्रीयीकृत बँकेत खातं आहे, जोडणीही झालेली आहे. मध्येच तो नवीन सिम घ्यायला दुकानात जातो, दुकानदार बोट टेकवायला लावतो आणि सिमसोबत पेमेंट बँकेचं खातंही उघडून देतो. एखाद्या संमतीवर टिक होते आणि आधारची जोडणी गुपचूप नव्या खात्यात सरकते. शिष्यवृत्ती तिथे जमा होते. पोरगं मात्र जुन्या पासबुकाची एंट्री मारत बसतं. मायआधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडलं की बँकेचं नाव आणि ‘ॲक्टिव्ह’ की ‘इनॲक्टिव्ह’ ते दिसतं. अर्ज भरण्याआधी एकदा आणि मंजुरीचा संदेश आल्यावर पुन्हा एकदा, दोनदा बघा.

दुसरी पाचर ‘छोट्या खात्या’ची. पूर्ण केवायसी न करता उघडलेल्या अशा खात्यात शिल्लक ५०,००० च्या वर जाऊ शकत नाही. आधीच हजार-दोन हजार पडलेल्या खात्यावर प्रगतीचे ५०,००० आले तर ते अडकणारच. शाखेत जाऊन पूर्ण केवायसी करा, खातं साधं बचत खातं होतं.

आणि अनुसूचित जातीच्या पोस्ट मॅट्रिक योजनेत केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यात कॉलेजची फीही असते. तो पैसा मोबाइलवर उडवला की पुढे निकाल किंवा दाखला अडतो आणि मग विनवण्या सुरू होतात.

कॅफेवाल्याचा मोबाइल नंबर

सायबर कॅफेत घाईघाईत नोंदणी करताना चालक सोयीसाठी स्वतःचा नंबर आणि स्वतःचा ईमेल टाकतो. त्या दिवशी काम होतं. मग अर्ज त्रुटीसाठी परत येतो, त्याचा संदेश कॅफेवाल्याला जातो आणि विद्यार्थ्याला कळतं ते मुदत संपल्यावर. पासवर्डही त्याच्याच वहीत. नंबर स्वतःचा द्या, आठवड्यातून एकदा स्वतः लॉगिन करून अर्ज कुणाच्या टेबलावर आहे ते बघा. कॉलेजच्या कारकुनाकडे अडकलाय की प्राचार्यांच्या लॉगिनला की विभागाकडे, ते तिथे दिसतं, आणि कुणामागे लागायचं तेही कळतं. दोन्ही पोर्टलवर अर्जाला सरकारी शुल्क नाही; ‘मंजूर करून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्याला ओटीपी तर मुळीच देऊ नका.

दुसऱ्या वर्षी नूतनीकरण न करणारेही कमी नाहीत. सेंट्रल सेक्टरला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. मीडियाची मुलं इंटर्नशिप आणि शूटच्या नादात हजेरीवर पाणी सोडतात. इंटर्नशिपचं पत्र विभागात वेळेवर दिलं असतं तर ती हजेरी धरली गेली असती का, हे शूटला जायच्या आधी विचारायचं.

पदव्युत्तर आणि परदेश

एमटेक करणाऱ्यांना ‘गेट’ या प्रवेश परीक्षेवर महिना १२,४०० रुपये मिळतात, पण गेटचा स्कोअर प्रवेशाच्या वेळी वैध असावा लागतो. तो तीन वर्षं चालतो. प्रवेश घेऊन मग गेट देणाऱ्यांना ते पैसे मिळत नाहीत. पत्रकारितेत पीएचडी करायची असेल तर युजीसी नेटमध्ये जनसंवाद आणि पत्रकारिता हा विषय आहे. त्यातून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाल्यास पहिली दोन वर्षं महिना ३७,०००.

परदेशाच्या बाबतीत मुलं ब्रिटन सरकारच्या ‘चेवनिंग’ शिष्यवृत्तीकडे धाव घेतात. पदवीचा निकाल लागल्याबरोबर अर्ज करून उपयोग नाही, २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. स्वयंसेवा आणि इंटर्नशिपही त्यात धरली जाते, म्हणून फ्रीलान्स बातम्या, कॅमेऱ्याचं काम, आकाशवाणीवरची नैमित्तिक कामं यांचे तास आणि पत्रं आजपासूनच एका फायलीत ठेवत जा. तीन अभ्यासक्रम द्यावे लागतात आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट आहे. १८९२ पासून चालत आलेल्या जे. एन. टाटा एन्डाउमेंटबद्दलही एक गैरसमज आहे. ती कर्ज-शिष्यवृत्ती आहे, परत फेडायची असते. अर्ज जरूर करा, फक्त घरच्यांना ‘फुकट मिळालं’ असं सांगू नका.

निबंधांबद्दल एवढंच: ‘मला लहानपणापासून पत्रकारितेची आवड आहे’ हे वाक्य परीक्षकांनी हजारदा वाचलेलं असतं. तुम्ही तालुक्याच्या गावात पाणीटंचाईवर केलेली एक बातमी, तिचं पुढे काय झालं, हे लिहा. टेलिकॉमवाल्यांनीही ‘५जीमध्ये रस’ लिहिण्यापेक्षा स्वतः बांधलेला अँटेना कुठे फसला ते लिहावं.

पुरस्कारासाठी फिल्म पाठवताना

मिफ, म्हणजे १९९० पासून मुंबईत भरणारा माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनचा महोत्सव, विद्यार्थ्यांच्या फिल्मनाही पुरस्कार देतो. अशा ठिकाणी चांगली फिल्म कागदावरच अडते ती मुख्यतः दोन कारणांनी. एक, पार्श्वसंगीताला यूट्यूबवरून उतरवलेलं गाणं. कॉलेजच्या प्रदर्शनात ते चाललं म्हणून महोत्सवात चालत नाही. हक्काचं पत्र हवं, नाहीतर वर्गातल्याच एखाद्या पेटी-तबलेवाल्याकडून नवं संगीत करून घ्या. दोन, संस्थेच्या कॅमेऱ्यावर आणि खर्चाने केलेल्या पदविका-चित्रपटाचे हक्क अनेकदा संस्थेकडे असतात. संस्थेची लेखी परवानगी शेवटच्या आठवड्यात मागितली तर विभागप्रमुख रजेवर निघतात. फिल्मचं संकलन सुरू असतानाच पत्राचा अर्ज टाका, आणि पत्रात कुठल्या महोत्सवासाठी आणि कुठल्या वर्षासाठी ते लिहून घ्या.